फाइलमध्ये प्रसूतीच्या पाच तारखा, धरायची कोणती?

अबोली
२४ डिसेंबर २०२५

नमस्कार. माझे वय २९ आहे. हे माझे पहिलेच बाळंतपण असून सध्या मी पुण्यात आहे आणि बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी जाणार आहे. माझ्या फाइलमध्ये प्रसूतीच्या अपेक्षित तारखा एक नव्हे, पाच जमल्या आहेत आणि त्यांतील पहिली व शेवटची यांत अठरा दिवसांचे अंतर आहे.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ४ मे २०२५ हा होता. त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण त्या दिवशी मावसबहिणीची हळद होती आणि बाकी सगळ्या जणी अंगणात नाचत असताना मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून आतल्या खोलीत पडले होते. मोबाइलवरील ॲपमध्ये ही तारीख भरली तेव्हा त्याने ८ फेब्रुवारी २०२६ सांगितली. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी बोटांवर मोजून कार्डावर ११ फेब्रुवारी लिहिली. ८ जुलैला पहिली सोनोग्राफी झाली. तिच्या अहवालात बाळाची लांबी १७ मिलिमीटर, वय ८ आठवडे १ दिवस आणि तारीख १६ फेब्रुवारी अशी नोंद आहे. २९ सप्टेंबरच्या अनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाच्या अवयवांत काही व्यंग नाही ना हे पाहणाऱ्या सोनोग्राफीत, वय २० आठवडे ३ दिवस आणि तारीख १३ फेब्रुवारी आली. परवा, २२ डिसेंबरला, वाढ पाहण्यासाठी पुन्हा सोनोग्राफी केली, तर वय ३० आठवडे ४ दिवस आणि तारीख थेट २६ फेब्रुवारी. अहवाल हातात देताना तिथल्या ताई सहज म्हणाल्या, “तुमची तारीख पुढे गेली बरं का.”

माझी पाळी पूर्वीपासून ३४-३५ दिवसांनी येते, हेही सांगून ठेवते. ऑफिसमध्ये रजेच्या अर्जावर एकच तारीख लिहायची आहे, माहेरी केव्हा निघायचे ते ठरवायचे आहे आणि सासूबाई ‘नऊ महिने नऊ दिवस’ या हिशेबावर ठाम आहेत, जो योगायोगाने १३ फेब्रुवारीलाच येतो. तारीख खरोखर अशी पुढे-मागे सरकते का, की बाळच वाढीत मागे पडले आहे? माझ्या डॉक्टर गावाला गेल्या असून २ जानेवारीला भेटणार आहेत, म्हणून येथे विचारत आहे.


पाऊलवाट
२४ डिसेंबर २०२५

अबोली, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. फाइल न पाहता निदान करणे योग्य नाही, परंतु तुम्ही आकडे इतके व्यवस्थित दिले आहेत की तारखेचा गुंता येथेच सुटू शकेल. तुमची तारीख १६ फेब्रुवारी. ती ८ जुलैला ठरली आणि त्यानंतरच्या कोणत्याही सोनोग्राफीला ती बदलण्याचा अधिकार नाही. कसे ते सांगते.

८ आणि ११ फेब्रुवारी या दोन तारखा वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचा पाया एकच आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, हे ते गृहीतक. ॲपने दिवस एकेक करून मोजले. तुमच्या डॉक्टरांनी आम्ही सगळे शिकतो तो नेगेलेचा नियम लावला: तारखेत सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचे, म्हणजेच नऊ महिने सात दिवस पुढे जायचे. फ्रान्झ नेगेले हे एकोणिसाव्या शतकात हायडेलबर्गला प्रसूतिशास्त्र शिकवणारे जर्मन डॉक्टर. त्यांचा हा नियम तोंडी करायला सोपा आहे, पण महिने कधी ३० तर कधी ३१ दिवसांचे आणि फेब्रुवारी त्याहून लहान, त्यामुळे पाळी कोणत्या महिन्यात आली यावर उत्तर २८० ते २८३ दिवसांपर्यंत हलते. ४ मे ते ४ फेब्रुवारी हे नऊ महिने २७६ दिवसांचे भरतात. त्यात सात मिळवले की २८३. ॲप आणि कार्ड यांच्यातील तीन दिवसांची फारकत एवढ्यानेच झाली आहे.

खरी अडचण निराळी आहे. दोन्ही हिशेब असे धरून चालतात की पाळी दर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास स्त्रीबीज सुटते. तुमची पाळी ३५ दिवसांची आहे. स्त्रीबीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत साधारण १४ दिवसांचा असतो. लांबतो तो त्याआधीचा भाग. म्हणजे तुमच्या बाबतीत गर्भधारणा चौदाव्या नव्हे, एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे झाली असणार. ८ फेब्रुवारीत सात दिवस मिळवले की १५ फेब्रुवारी येते आणि पहिली सोनोग्राफी सांगते १६ फेब्रुवारी. दोन वेगवेगळ्या वाटांनी निघालेले हिशेब एका दिवसाच्या अंतरावर येऊन मिळाले आहेत. यापेक्षा चांगला पुरावा रोजच्या ओपीडीत क्वचितच हाती येतो.

पहिल्या सोनोग्राफीवर एवढा भर का द्यायचा, तर सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो आणि ही वाढ जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. आई-वडील उंच की ठेंगणे, आहार कसा, वार कशी काम करते, यांचा प्रभाव तेव्हा लांबीवर पडत नाही. म्हणून डोक्यापासून ढुंगणापर्यंतची ती १७ मिलिमीटरची लांबी बाळाचे वय सांगते. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगलटीने वाढू लागते आणि तेच मोजमाप वयाऐवजी आकार सांगू लागते. आम्ही पाळतो ते दंडक यावरच बेतलेले आहेत. पाळीप्रमाणे नऊ आठवडे पूर्ण होण्याआधी सोनोग्राफी झाली आणि फरक पाच दिवसांहून अधिक निघाला, तर तारीख बदलायची. नऊ आठवड्यांपासून चौदा आठवडे पूर्ण होण्याच्या आत झाली, तर सात दिवसांहून अधिक फरक हवा. सोळा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान ही मर्यादा दहा दिवसांची, अठ्ठाविसाच्या आत चौदा दिवसांची आणि त्यापुढे तब्बल एकवीस दिवसांची होते. ८ जुलैला पाळीप्रमाणे तुमचे ९ आठवडे २ दिवस झाले होते, सोनोग्राफीने ८ आठवडे १ दिवस दाखवले. फरक आठ दिवसांचा, म्हणून तारीख १६ फेब्रुवारीला नेणे बरोबर होते. फक्त कार्डावरची ११ तारीख त्याच दिवशी खोडायला हवी होती. ती खोडली गेली नाही आणि घोळ वाढत गेला.

आता पुढचे दोन अहवाल या तारखेशी ताडून पाहा. २९ सप्टेंबरला तुमचे बरोबर २० आठवडे भरले होते आणि मोजमाप आले २० आठवडे ३ दिवस. हे उत्तम आहे. २२ डिसेंबरला ३२ आठवडे पूर्ण होते, मोजमाप आले ३० आठवडे ४ दिवस, म्हणजे दहा दिवसांनी कमी. यंत्र डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून ‘एवढ्या आकाराचे बाळ सरासरी इतक्या आठवड्यांचे असते’ असे सांगते आणि त्या वयावरून एक तारीख आपोआप छापून टाकते. ती छापली जाते म्हणून ती तुमची तारीख होत नाही. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाचा सदरा बसला, तर आपण त्याच्या जन्मदाखल्यावरील साल बदलत नाही. तो नीट जेवतो का, हे पाहतो.

आणि पाहायचे तेच आहे. अहवालात पोटाचा घेर आणि अंदाजे वजन यांच्यापुढे शेकड्याचा आकडा, म्हणजे पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभर बाळांपैकी किती याहून लहान असतात), दिला असेल. तो दहाच्या खाली आहे का, गर्भजल पुरेसे आहे का आणि नाळेतील रक्तप्रवाहाचा डॉप्लर केला आहे का, हे तपासून घ्या. बाळ पायाळू असेल तर डोके थोडे लांबट होते आणि त्या एका मापामुळेही वय कमी दिसू शकते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. परंतु २ जानेवारीपर्यंत थांबूही नका. तुमच्या डॉक्टरांच्या जागी जे काम पाहत असतील त्यांना हा अहवाल उद्या-परवा दाखवा, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा.

‘आपल्याकडची मुले लहानखुरीच असतात’ असे कोणी म्हणाले, तर तेवढ्यावर समाधान मानू नका, हे मुद्दाम लिहिते. गर्भाच्या वाढीचे जागतिक तक्ते तयार करण्यासाठी इंटरग्रोथ-२१ हा अभ्यास आठ देशांत झाला आणि त्यात भारतातून नागपूर शहराचा मध्यवर्ती भाग निवडला होता. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आई निरोगी असेल, खाऊनपिऊन सुखी असेल आणि तिची तपासणी नियमित होत असेल, तर नागपूरच्या बाळाच्या हाडांची वाढ ऑक्सफर्डच्या किंवा सिॲटलच्या बाळासारखीच होते, असे त्यात दिसून आले. लहानखुरेपणाच्या नावाखाली वाढ खुंटलेली बाळे निसटून जाऊ नयेत, एवढाच माझा आग्रह आहे.

तारीख एकच ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. ८ फेब्रुवारी धरून चाललो तर १५ तारखेला कोणीतरी ‘तारीख उलटून आठवडा झाला’ म्हणून कळा आणण्याचे औषध सुरू करील, आणि तेव्हा तुमचे प्रत्यक्षात ३९ आठवडे ६ दिवस झालेले असतील. उलट २६ फेब्रुवारी धरली, तर त्या दिवशी खरे ४१ आठवडे ३ दिवस होतील आणि सगळे निवांत बसलेले असतील. ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा आणाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वाक्यातील ‘खात्री’ हा शब्द ८ जुलैच्या अहवालावर उभा आहे. सांगलीला जाताना तो मूळ कागद सोबत न्या. थर्मल कागदावरची चित्रे फिकट होतात, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा.


बकुळ
२५ डिसेंबर २०२५

डॉक्टरांनी सगळे उलगडून सांगितलेच आहे, त्यामुळे मी केवळ सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द बोलते. नेगेले नऊ महिने सात दिवस म्हणतो आणि आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणत आल्या. हायडेलबर्गला न जाता त्यांनी गाठलेले हे उत्तर दोन दिवसांनीच चुकते. अर्थात त्यांचे महिने इंग्रजी नव्हते, तिथीचे होते. तिथीने नऊ महिने सुमारे २६६ दिवसांचे होतात, त्यात नऊ मिळवले की २७५, म्हणजे हा हिशेब वैद्यकीय तारखेच्या पाचेक दिवस अलीकडे येतो. बाळंतिणीची खोली आधी तयार असलेली बरी, असे म्हणून मी ते चालवून घेते.

खरी फसगत होते ती अधिक महिन्यात, आणि आमच्या घरात ती झाली. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. माझ्या सुनेची शेवटची पाळी अक्षय्य तृतीयेची, २२ एप्रिलची. ही तारीख घरात सर्वांच्या लक्षात राहिली, कारण त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक ऐन वेळी माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. माझ्या सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर वैशाख, ज्येष्ठ, आषाढ असे मोजत माघ गाठला आणि माघ शुद्ध द्वादशीच्या सुमारास बाळंतपण होईल, असे जाहीर करून टाकले. त्याप्रमाणे डिंक, अळीव, खारीक आणण्याचेही ठरले. श्रावण दोनदा आला होता, हे मोजताना त्या विसरल्या. स्वतः वर्षभर अधिक महिन्याचे अनारसे आणि जावयाचे वाण यांबद्दल बोलत होत्या, तरीही विसरल्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती २७ जानेवारी २०२४, आणि त्या दिवशी पौष वद्य द्वितीया होती, माघ नव्हे. नातू २४ जानेवारीला झाला तेव्हा घरात डिंकाचा खडाही नव्हता. अधिक महिना धरून मोजले असते, तर सासूबाईंच्या हिशेबाने पौष शुद्ध द्वादशी, म्हणजे २२ जानेवारी आली असती आणि त्या डॉक्टरांपेक्षाही जवळ गेल्या असत्या. हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते फारच आवडले.

अबोली, पुढच्या उन्हाळ्यात, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ येतो आहे. तुमची सुटका त्याआधीच होईल, पण तुमच्या मागून येणाऱ्यांनी पेरांवर मोजताना सांभाळावे. आणखी एक, ‘नववा लागला’ आणि ‘नऊ भरले’ यांत पूर्ण महिन्याचे अंतर असते. शेजारीण ‘कितवा?’ असे विचारते तेव्हा तिला बहुधा लागलेला महिना हवा असतो आणि डॉक्टरांना भरलेले आठवडे हवे असतात.


उपकेंद्रातली
२५ डिसेंबर २०२५

मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. तुमच्याकडे पाच तारखा आहेत; माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींकडे एकही नसते. ‘पाळी कधी आली होती?’ असे विचारले तर ‘झाले की दोन-अडीच महिने’ एवढेच उत्तर मिळते. मग मी सण विचारते. पोळ्याला होती का, गणपती बसले तेव्हा नैवेद्य तुम्ही केला होता की जावेने, घट बसले तेव्हा बाजूला बसला होतात का? पाळी आलेल्या बाईला ज्या दिवशी देवघरापासून दूर ठेवले जाते तो दिवस तिच्या पक्का लक्षात असतो. प्रथा मला पटत नाही, पण तिच्या आधाराने मी अनेक कार्डांवर नेमकी तारीख लिहू शकले आहे, हे कबूल करते.

तेही जमले नाही तर हात आणि टेप. बारा आठवड्यांना गर्भाशयाचा माथा ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला जेमतेम लागतो, विसाव्या आठवड्यानंतर तो बेंबीच्या पातळीला येतो आणि छत्तिसाव्याला छातीच्या हाडाच्या टोकापाशी पोहोचतो. विसाव्यानंतर हाडापासून माथ्यापर्यंत टेपने जितके सेंटीमीटर भरतात साधारण तितके आठवडे. शेवटी बाळाचे डोके खाली सरकते तेव्हा माथाही उतरतो, आणि नवशिक्या मुलीला वाटते की बाळ लहान झाले. पहिल्यांदा फडफड कधी जाणवली, हेही मी लिहून ठेवते. पहिलटकरणीला ती अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास कळते, दुसऱ्या खेपेच्या बाईला त्याआधी. या सगळ्याला दोन-तीन आठवड्यांची चूक धरावीच लागते. म्हणूनच बारा आठवड्यांच्या आत नोंदणी आणि लवकर सोनोग्राफी, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो.

आमच्याकडे तारखेचा प्रश्न रजेच्या अर्जाचा नसतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब असतो. त्यात बाई कितव्या महिन्याची आहे हे कोणी मोजत नाही. गेल्या हंगामात एक मुलगी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर थांबवून कार्ड घेऊन आली. मी तिच्या कार्डाच्या दर्शनी पानावर लाल शाईने अपेक्षित तारीख लिहिली आणि त्याखाली ‘या तारखेच्या तीन आठवडे आधीपासून फडापासून दवाखान्यापर्यंतच्या गाडीची सोय ठेवणे’ असेही लिहिले. कारखान्याजवळच्या उपकेंद्रातील बाईंनी ते पान पाहून मला फोन केला. बाळंतपण तिथल्या ग्रामीण रुग्णालयात झाले, लिहिलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी.


दोनदा_तपासलेले
२६ डिसेंबर २०२५

टेस्ट ट्यूब उपचारांतून दिवस राहिलेल्यांसाठी एक भर घालतो, कारण माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही ॲपमध्ये पाळीची तारीख भरून स्वतःला उगाच घोळात घातले होते. या उपचारांत गर्भधारणेचा दिवस ठाऊकच असतो, त्यामुळे पाळीवरून मोजण्याची गरज नसते. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर सोडल्याच्या दिवसात २६१ दिवस मिळवावेत, तीन दिवसांचा असेल तर २६३. गर्भ गोठवून ठेवलेला असला तरी हिशेब हाच. तो किती महिने गोठवलेला होता याचा वयाशी संबंध नाही. आमच्या मातोश्रींना हे पटवायला मात्र पूर्ण एक संध्याकाळ लागली.


अबोली
३० डिसेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. पाऊलवाट यांनी सांगितल्याप्रमाणे मी २६ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांना अहवाल दाखवला. त्यांनी डॉप्लर करवून घेतला, तो व्यवस्थित आहे. गर्भजल पुरेसे आहे. बाळ पायाळू आहे आणि डोक्याचे माप त्यामुळेच कमी आले असावे, असे त्या म्हणाल्या. पोटाचा घेर २२ पर्सेंटाइलवर आहे, तरीही ५ जानेवारीला म्हणजे दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजायचे ठरले आहे. फाइलवरच्या बाकी चारही तारखांवर त्यांनी एकेक आडवी रेघ मारली आणि १६ फेब्रुवारीभोवती चौकट काढली.

आता दोन लहान शंका राहिल्या. रजेच्या अर्जावर हीच तारीख लिहायची ना? आणि त्या दिवशीच बाळ येईल, असे धरून नवऱ्याने सांगलीचे तिकीट काढावे का?


पाऊलवाट
३० डिसेंबर २०२५

बातमी ऐकून बरे वाटले. पायाळू बाळाला फिरायला अजून वेळ आहे. छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीत त्याचा विचार करता येईल. अर्जावर १६ फेब्रुवारीच लिहा आणि सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या रजेपैकी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. तुमचे ते आठ आठवडे २२ डिसेंबरला सुरू झाले, म्हणजे आता हव्या त्या दिवसापासून रजा घेता येईल. जितकी उशिरा घ्याल तितकी बाळासोबत अधिक उरेल.

तिकिटाचे म्हणाल, तर ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात चार-पाच असतात. २६ जानेवारीला तुमचे ३७ आठवडे पूर्ण होतील आणि तेथून पुढे केव्हाही बाळंतपण होऊ शकते, म्हणून तुम्ही ५ तारखेची तपासणी आटोपून १९ जानेवारीच्या आत सांगलीला पोहोचा. यजमानांनी तिकीट काढू नये. पुणे-सांगली गाडीने पाचेक तासांचा रस्ता आहे, त्यांनी बॅग भरून ठेवावी आणि फोन सायलेंटवर टाकू नये.